स्वप्नांचा अर्थ आणि स्वप्नांची वही

परीक्षेच्या आदल्या रात्री पुष्कळ विद्यार्थ्यांना जवळजवळ एकच स्वप्न पडते. घंटा होऊन गेलेली असते आणि आपण अजून रस्त्यातच असतो. किंवा अभ्यास केलेला असतो भूगोलाचा आणि हातात पडते ती बीजगणिताची प्रश्नपत्रिका. किंवा पेन कागदावर उमटतच नाही. दचकून जाग येते तेव्हा छाती धडधडत असते. सकाळी हे स्वप्न घरी सांगितले की आजी काळजीने विचारते, "पहाटे तर नाही ना पडलं?" कारण पहाटेचे स्वप्न खरे होते असा समज आहे. मोठा भाऊ मात्र हसून म्हणतो, "मनी वसे ते स्वप्नी दिसे. जा, आंघोळ कर."

या दोन उत्तरांत मोठा फरक आहे. आजीच्या मते स्वप्न पुढे काय होणार ते सांगते. भावाच्या मते ते आपल्या मनात आज काय चालले आहे तेवढेच सांगते. यांतले कोणते उत्तर बरोबर, हे नुसत्या वादाने ठरणार नाही. पण ते तपासून पाहता येईल काय? येईल. अनेकांनी ते तपासले आहे, आणि थोडी चिकाटी असेल तर तुम्हीही घरच्या घरी तपासू शकाल.

स्वप्नांचे कोश

स्वप्नाचा अर्थ लावण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे कोश पाहण्याची. शब्दकोशात जसा शब्द आणि त्यापुढे अर्थ, तसे येथे स्वप्नात दिसलेली वस्तू आणि त्यापुढे तिचे फळ. इजिप्तमध्ये देर-अल-मदिना या गावी सापडलेला असा एक पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातला आहे. स्वप्नात मोठे मांजर दिसले तर चांगले, पीक भरपूर येईल. खोल विहिरीत डोकावताना दिसलो तर वाईट, तुरुंगवास घडेल, अशी त्यात ओळीने यादी आहे. 'वाईट' हा शब्द तेवढा तांबड्या शाईने लिहिलेला आहे!

आपल्याकडेही असे कोश आहेत. दात पडलेले दिसले तर घरात मृत्यू. मेलेला माणूस दिसला तर आयुष्य वाढते. साप दिसला तर कोणी धनलाभ सांगतो, कोणी शत्रुपीडा. येथेच पहिली शंका यायला हवी. एकाच सापाची दोन फळे कशी? शिवाय साप प्रत्येकाला सारखाच कसा? रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा साप निराळा, सर्प पकडून जंगलात सोडणाऱ्या सर्पमित्राचा निराळा, आणि ज्याने साप फक्त पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिला आहे त्या शहरी मुलाचा निराळा.

ही अडचण जुन्या लोकांच्या लक्षात आली नव्हती असे मात्र समजू नका. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाचा ग्रीक लेखक होऊन गेला. त्याने गावोगाव हिंडून लोकांची स्वप्ने आणि पुढे त्यांचे काय झाले याची माहिती गोळा केली आणि पाच भागांचा ग्रंथ लिहिला. स्वप्नांवरून भविष्य कळते यावर त्याचा विश्वास होता. परंतु स्वप्न सांगणारा कोण, त्याचा धंदा कोणता, तो गरीब की श्रीमंत, आजारी की धडधाकट, हे विचारल्यावाचून अर्थ सांगू नये असा त्याचा आग्रह होता. एकच स्वप्न दोन माणसांना पडले तर त्याचे दोन अर्थ होतात, हे त्याने स्पष्ट लिहिले आहे.

चरकसंहितेतील विचार तर याहूनही मार्मिक आहे. तिच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट म्हणजे पाहिलेल्या गोष्टींचे, श्रुत म्हणजे ऐकलेल्यांचे, अनुभूत म्हणजे अनुभवलेल्यांचे, प्रार्थित म्हणजे इच्छिलेल्यांचे, कल्पित म्हणजे कल्पनेने रचलेले, भाविक म्हणजे पुढे घडणाऱ्याचे सूचक, आणि दोषज म्हणजे शरीरातील वातपित्तादी दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ मानावेत असे तेथे सांगितले आहे. म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले, हवेसे वाटलेले आणि कल्पिलेले एवढे सगळे वजा करून मग उरलेल्याचा विचार करायचा. आपण आपली स्वप्ने या चाळणीतून गाळली तर चाळणीवर किती उरेल? माझ्या मते फारच थोडे. उरलेल्या दोन प्रकारांविषयी आजचे विज्ञान चरकाशी सहमत होणार नाही. पण आधी वजाबाकी करावी ही पद्धत आजही घेण्यासारखी आहे.

भविष्य सांगणाऱ्या स्वप्नांची परीक्षा

स्वप्नाने भविष्य किंवा दूरची गोष्ट कळते म्हणतात, ते प्रत्यक्ष तपासण्याची एक संधी १९३२ साली अमेरिकेत आली. प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याचे तान्हे मूल १ मार्च रोजी घरातून पळवून नेण्यात आले. सारा देश हळहळला. त्या वेळी हार्वर्ड विद्यापीठातील हेन्री मरे आणि त्यांचे सहकारी व्हीलर यांनी वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केले, की या प्रकरणासंबंधी कोणाला स्वप्न पडले असेल तर कळवावे. तेराशेहून अधिक स्वप्ने आली. पुढे १२ मे रोजी मुलाचा मृतदेह सापडला : झाडीत, रस्त्याच्या जवळ, उथळ खड्ड्यात पुरलेला. मग त्यांनी आलेली पत्रे तपासली. मूल मरण पावले आहे एवढे तरी सांगणारी स्वप्ने शंभरात सुमारे पाचच होती. मूल मेलेले आहे, पुरलेले आहे आणि झाडांमध्ये आहे, या तिन्ही गोष्टी सांगणारी स्वप्ने किती निघाली? अवघी चार.

आता या चार जणांची मनःस्थिती लक्षात घ्या. प्रत्येकाला वाटले असणार, की आपल्याला दृष्टांत झाला. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तसेच वाटले असणार. उरलेल्या बाराशे-तेराशे लोकांच्या चुकलेल्या स्वप्नांची गोष्ट मात्र कोणी कोणाला सांगत नाही. मरे यांनी पत्रे घटनेचा शेवट कळण्याच्या आधी गोळा केली म्हणूनच चुकलेली स्वप्नेही मोजता आली.

असाच हिशेब आपल्या शाळेचा करून पाहू. समजा, स्वप्न आणि दुसऱ्या दिवसाची घटना यांचा निव्वळ योगायोगाने मेळ बसण्याचा प्रसंग दहा हजार रात्रींतून एकदा येतो. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) शाळेत एक हजार मुले असतील तर वर्षाला ३ लाख ६५ हजार रात्री होतात. तेव्हा त्या एका शाळेत दर वर्षी ३६ च्या आसपास स्वप्ने 'खरी' ठरतील. कोणाला ना कोणाला 'खरे' स्वप्न पडलेच नाही असे एखादे वर्ष गेले, तरच नवल.

परीक्षेच्या स्वप्नाचे काय? पॅरिसमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या अत्यंत चढाओढीच्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांचा असा अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. सातशेहून अधिक विद्यार्थ्यांनी माहिती दिली. त्यांपैकी शंभरात साठ जणांना आदल्या रात्री परीक्षेचेच स्वप्न पडले होते, आणि त्यांतली बहुतेक स्वप्ने वाईट होती : उशीर झाला, उत्तरे आठवेनात, वगैरे. निकाल लागल्यावर काय दिसले? परीक्षेची स्वप्ने पडलेल्यांना इतरांपेक्षा सरासरीने थोडे अधिकच गुण मिळाले होते. यावरून स्वप्नामुळे गुण वाढतात असे मात्र म्हणता येत नाही. ज्याला परीक्षेची तळमळ अधिक, त्याला स्वप्नही पडते आणि तो अभ्यासही करतो, असा सरळ अर्थ असू शकेल. काहीही असो, स्वप्नात नापास झालेला विद्यार्थी त्यामुळे परीक्षेत नापास होत नाही, एवढे या अभ्यासावरून नक्की सांगता येते.

झोपेची प्रयोगशाळा

स्वप्न दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून पुष्कळ काळ शास्त्रज्ञ त्याच्या वाटेला जात नसत. ही स्थिती बदलली ती शिकागो विद्यापीठात. तेथे युजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी नॅथॅनियल क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकाच्या हाताखाली काम करीत होता. आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून तो रात्रभर आलेख काढीत बसे. मूल गाढ झोपलेले असताना आलेखाच्या लेखण्या मधूनच जोरजोराने हलू लागत. जुने यंत्र बिघडले असावे असेच प्रथम त्याला वाटले. परंतु यंत्र ठीक होते. मिटल्या पापण्यांखाली डोळेच भराभर फिरत होते!

मग त्यांनी झोपलेल्या प्रौढ माणसांना मध्येच उठवून विचारण्यास सुरुवात केली. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आकडे असे आहेत : डोळे फिरत असताना २७ वेळा उठवले, त्यांपैकी २० वेळा सविस्तर स्वप्न सांगितले गेले, डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवले, त्यांपैकी १९ वेळा काहीच आठवले नाही. या झोपेला जलद नेत्रचलनाची झोप असे म्हणतात. त्या वेळी मेंदूतील विद्युत्-तरंग जवळजवळ जागेपणीसारखे असतात, पण हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. स्वप्नात आपण धावतो तरी अंथरुणावरून उठत नाही, याचे कारण हेच. दर दीड तासाच्या सुमारास ही झोप पुन्हा येते. रात्रीतून चार-पाच वेळा. पुढे असे आढळले, की डोळे स्थिर असतानाच्या झोपेतही काही स्वप्ने पडतात. परंतु लांबलचक, चित्रमय आणि विचित्र स्वप्नांचा मोठा वाटा या जलद नेत्रचलनाच्या झोपेचाच असतो.

आता पहाटेच्या स्वप्नाचे रहस्य पाहा. रात्रीची पहिली जलद नेत्रचलनाची झोप जेमतेम दहा मिनिटांची असते. पुढची पुढची लांबत जाते आणि पहाटेची अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक असते. शिवाय पहाटे आपण तिच्यातूनच सरळ जागे होतो. म्हणून पहाटेची स्वप्ने लांब असतात आणि आठवतातही. जे आठवते त्याचाच पुढे घडलेल्या घटनेशी मेळ घालता येतो. मध्यरात्रीचे स्वप्न विसरूनच गेलेले असते. ते खरे झाले की खोटे हे पाहणार कोण?

स्वप्ने विसरतात का? आठवण पक्की करण्यास मदत करणारी काही रसायने, विशेषतः नॉरॲड्रिनलिन, या झोपेत मेंदूत अगदी थोडी असतात. आणि ती विचित्र का असतात? १९९६ च्या सुमारास झोपलेल्या माणसाच्या मेंदूचे कोणते भाग कामात आहेत याची चित्रे घेणे शक्य झाले. तेव्हा असे दिसले, की भीती, राग इत्यादी भावनांशी संबंधित भाग या झोपेत खूपच जागे असतात, तर कपाळामागील जो भाग युक्तायुक्त पाहतो, हिशेब ठेवतो, तो मंदावलेला असतो. हजेरी घेणारे मास्तर रजेवर आणि वर्ग मात्र भरलेला, असा तो प्रकार! म्हणून स्वप्नात आजोबा झाडावर बसून रेडिओ दुरुस्त करीत असले तरी आपल्याला त्यात वावगे वाटत नाही. स्वप्नातील घटना अशा रीतीने विस्कटलेल्या असतात, पण भावना मात्र बहुधा ठळक आणि खरी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. वही लिहिताना तिचा उपयोग होणार आहे.

स्वप्नाचा कच्चा माल

स्वप्नात येणारी चित्रे येतात तरी कोठून? काही थोडी त्याच क्षणी बाहेरून येतात. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जलद नेत्रचलनाच्या झोपेत असलेल्या माणसांच्या अंगावर गार पाण्याचा बारीक फवारा मारला. शंभरातून सुमारे ४२ वेळा ते पाणी स्वप्नात शिरले : कोठे पाऊस आला, कोठे छप्पर गळू लागले. पावसाळ्यात गळके घर असणाऱ्यांना या प्रयोगाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

बाकीचा माल आठवणींच्या कोठारातला. फ्रान्समध्ये हर्वे द सँ-दनी नावाचा एक गृहस्थ होता. वयाच्या चौदाव्या वर्षापासून, म्हणजे तुमच्याच वयापासून, तो रोज आपली स्वप्ने लिहून ठेवू लागला. त्याच्या २२ वह्या झाल्या. त्यांत १९४६ रात्रींच्या नोंदी होत्या. १८६७ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. त्याचा एक प्रयोग फार गमतीचा आहे. डोंगराळ मुलुखात काही दिवस राहायला जाताना त्याने एक नवे अत्तर घेतले आणि तेथे असेपर्यंत रोज ते रुमालावर लावले. परत आल्यावर बाटली बंद करून ठेवली. काही महिन्यांनी ती नोकराजवळ देऊन सांगितले, की मला न कळवता कोणत्याही एका रात्री मी झोपलो असताना उशीवर थोडे थेंब टाक. ज्या रात्री नोकराने थेंब टाकले त्या रात्री त्याला त्या डोंगरांचे स्वप्न पडले. रात्र कोणती हे आपल्याला आधी ठाऊक असू नये, ही त्याने घेतलेली खबरदारी पाहा.

मोजदाद करणारी पहिली महत्त्वाची अभ्यासिका म्हणजे मेरी व्हिटन कॉल्किन्स. ही अमेरिकन बाई रात्री वेगवेगळ्या वेळी गजराच्या घड्याळाने जागी होई आणि उशाशी ठेवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात स्वप्न लगेच टिपून ठेवी. तिची स्वतःची २०५ आणि तिचे सहकारी सॅनफर्ड यांची १७० स्वप्ने मिळून तिने १८९३ साली निबंध प्रसिद्ध केला. बहुतेक स्वप्नांतील माणसे, जागा आणि प्रसंग यांचा धागा अलीकडच्याच जागेपणीच्या जीवनाशी जुळत होता. स्त्री असल्यामुळे हार्वर्ड विद्यापीठाने तिला पुढे डॉक्टरेट नाकारली. पण १९०५ साली तीच अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची अध्यक्ष झाली. विसाव्या शतकात कॅल्व्हिन हॉल यांनी हेच मोजदादीचे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. माणसाच्या जागेपणीच्या काळज्या आणि नाती यांचेच प्रतिबिंब त्याच्या स्वप्नांच्या राशीत पडते, असे त्यांना दिसले. म्हणजे मोठ्या भावाची म्हण कसोटीला पुष्कळशी उतरली म्हणायची.

या सगळ्यात सिग्मंड फ्रॉइड यांचे नाव कसे आले नाही, असे शिक्षक वाचकांना वाटले असेल. त्यांचा स्वप्नांवरील ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर मात्र साल १९०० छापले होते. स्वप्नातील प्रत्येक तुकड्यावरून स्वप्न पाहणाऱ्याला काय आठवते, हे त्यालाच विचारावे, ही त्यांची रीत उपयुक्त आहे. परंतु प्रत्येक स्वप्नामागे दडपलेली इच्छा असतेच, हे त्यांचे म्हणणे तपासता येत नाही. इच्छा दिसली तर सिद्धान्त खरा. दिसली नाही तर ती वेषांतर करून आली आहे, म्हणून पुन्हा सिद्धान्त खरा! जो सिद्धान्त कशानेच खोटा ठरू शकत नाही, त्याच्यावर परीक्षेत गुण देणे कठीण आहे.

आपण स्वतःही अर्थ लावताना पक्षपात करतो. अमेरिका, दक्षिण कोरिया आणि भारत येथील विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. स्वप्नात दडलेले सत्य असते असे तिन्ही देशांतील बहुसंख्यांना वाटत होते. मात्र त्याच अभ्यासात असेही आढळले, की आपल्याला आधीपासून जे वाटते त्याला पुष्टी देणारे स्वप्न लोक अर्थपूर्ण मानतात आणि विरुद्ध जाणारे सोडून देतात. नावडत्या माणसाने आपल्याला स्वप्नात फसवले तर "मला वाटतच होतं" म्हणायचे, जिवलग मित्राने फसवले तर "स्वप्नच ते!" म्हणायचे. यातून उगीच भांडणे होतात. स्वप्नात कोणी काय केले याची जबाबदारी त्या माणसावर टाकू नये. तो बिचारा त्या वेळी आपल्या घरी झोपलेला असतो.

स्वप्नातून काही नवे सुचतच नाही काय? कधीकधी सुचते. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला एका रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्याने उठून चिठोरीवर खरडले. सकाळी स्वतःचेच अक्षर त्याला लागेना! पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी तो तडक प्रयोगशाळेत गेला. एका बेडकाच्या हृदयाचा वेग मज्जातंतू उद्दीपित करून त्याने मंद केला, त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, आणि दुसरेही मंदावले. मज्जातंतू रासायनिक द्रव्याच्या द्वारे संदेश देतात हे त्यातून सिद्ध झाले. १९२१ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि १९३६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण हा प्रश्न त्याच्या डोक्यात १९०३ पासून होता, आणि स्वप्नावर विश्वास न ठेवता त्याने बेडूक आणले, हे विसरू नका.

वही कशी ठेवावी

एक शंभर पानी वही आणि पेन्सिल उशाशी ठेवा. डावे पान दिवसासाठी, उजवे स्वप्नासाठी. रात्री झोपण्यापूर्वी डाव्या पानावर त्या दिवसाच्या पाच-सहा ओळी लिहा : कोण भेटले, काय पाहिले, कशाची काळजी वाटली, काय करायचे राहिले. हे आधीच लिहिणे फार महत्त्वाचे आहे. सकाळी स्वप्न आठवल्यानंतर दिवस आठवू लागलात, तर स्वप्नाला जुळणारे तेवढेच आठवेल.

सकाळी जाग आल्यावर लगेच उठू नका. डोळे मिटून, कूस न बदलता, शेवटचे चित्र आठवा आणि तेथून मागे मागे जा. मग वर्तमानकाळात, दिसले तसे लिहा. तुटक असले तर तुटकच लिहा. गोष्ट पुरी करण्याचा मोह टाळा. अक्षर लोवीपेक्षा बरे काढा. खाली एका शब्दात भावना लिहा : भीती, लाज, आनंद, घाई. झोपमोड करून, गजर लावून स्वप्ने पकडण्याची तुम्हाला गरज नाही. तुमच्या वयात आठ ते दहा तास झोप हवी आणि ती या वहीपेक्षा अधिक मोलाची आहे.

उदाहरणासाठी नववीतील एका मुलाची कल्पित नोंद घेऊ. उजवे पान : "शाळेच्या मैदानात पाणी भरले आहे. मी होडीत आहे. होडी एस. टी. सारखी लाल आहे. गणिताचे सर कंडक्टर आहेत. ते तिकीट मागतात. खिशात पैसे नाहीत, खडू निघतो. सर रागावत नाहीत. लाज वाटते." डावे पान : "दिवसभर पाऊस. मावशीला एस. टी.वर पोचवले. सरांनी फळ्याजवळ बोलावले, उदाहरण आले नाही. मित्राचे दोन रुपये द्यायचे राहिले."

कोश पाहणारा येथे 'होडी' आणि 'पाणी' यांचे फळ शोधत बसेल. आपण तसे न करता चरकाची वजाबाकी करू. पाणी, एस. टी., सर, खडू : सगळे पाहिलेले किंवा अनुभवलेले, वजा. उरते ती लाज, आणि 'देणे आहे पण जवळ नाही' हा प्रसंग. फळ्याजवळ उत्तर देणे होते, ते जवळ नव्हते. मित्राचे पैसे देणे आहेत, ते दिलेले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच लाजेच्या दोरीत ओवल्या गेल्या असाव्यात. 'असाव्यात' असेच म्हणायचे. कारण एका स्वप्नावरून फक्त अंदाज बांधता येतो. महिन्याभरात हीच भावना पुन्हा पुन्हा आली, तर अंदाजाला बळ येईल. आली नाही तर तो खोडून टाकावा. काही आठवणी त्याच रात्री न येता पाच-सात दिवसांनी स्वप्नात उगवतात, असेही काही अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा मागची पानेही चाळा.

आणि काही स्वप्नांना काहीच अर्थ लागत नाही. ती तशीच सोडून द्यावीत.

एखादे भीतिदायक स्वप्न वारंवार पडत असेल तर दिवसाउजेडी ते कागदावर लिहून त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलावा आणि नवा शेवट रोज काही मिनिटे मनात घोळवावा. डॉक्टरही ही युक्ती वापरतात. तरीही झोप उडत असेल, किंवा स्वप्न एखाद्या खऱ्या घडलेल्या प्रसंगाचे असेल, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

आता आजी आणि भाऊ यांच्या वादातला भावाचा पक्षही तपासू. तोही आपल्याला पटतो म्हणून सोडून देता कामा नये. महिन्यानंतर वहीतून दहा दिवस निवडा. त्यात खासगी असे काही नसावे. दहा दिवसांच्या नोंदी दहा चिठ्ठ्यांवर आणि त्या त्या रात्रींची स्वप्ने दुसऱ्या दहा चिठ्ठ्यांवर उतरवा. तारीख लिहू नका. मागे खूण म्हणून कोणतीही अक्षरे घाला आणि त्यांची यादी स्वतःजवळ ठेवा. मग दोन्ही गठ्ठे पिसून मित्राला द्या आणि दिवसासमोर स्वप्न अशा जोड्या लावायला सांगा. तुम्ही समोर बसू नका. तुमच्या चेहऱ्यावरून त्याला उत्तर कळेल.

निव्वळ अंदाजाने किती जोड्या बरोबर येतील? प्रत्येक दिवसासमोर बरोबर स्वप्न पडण्याची संभाव्यता एक दशांश, दिवस दहा, म्हणून सरासरी एक. गंमत अशी, की चिठ्ठ्या वीस घेतल्या तरी सरासरी एकच येते. (तीन चिठ्ठ्या घेऊन सर्व सहा मांडण्या लिहून पाहा, म्हणजे खात्री पटेल.) चार किंवा त्याहून अधिक जोड्या केवळ योगायोगाने बरोबर येणे शंभरात दोनदाच घडते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घेताना वह्या गोळा करू नयेत आणि कोणालाही स्वप्न मोठ्याने वाचावयास सांगू नये. फक्त बरोबर आलेल्या जोड्यांची संख्या घ्यावी. चाळीस मुलांच्या चाळीस संख्या फळ्यावर मांडून सरासरी काढा. ती एकाच्या आसपास राहते की वर जाते, आणि वर गेलीच तर नुसत्या 'पाऊस' किंवा 'एस. टी.' अशा एखाद्या शब्दानेच जोड्या ओळखल्या गेल्या काय, हे जोड्या लावणाऱ्या मित्रांना विचारून पाहा.